स्वतःचा ब्रश बिघडतो कुठे: ठशात की चालीत?

स्वतः बनवलेल्या फोटोशॉप ब्रशबद्दल आलेल्या एका प्रश्नात चार तक्रारी आहेत. कागदावर कोरड्या ब्रशने मारलेला फटकारा स्कॅन करून फोटोशॉपमध्ये त्याचा ब्रश केला. आता तो ओढला की भोवती फिकट चौकट उमटते. रंग पूर्ण येत नाही. सलग रेषेऐवजी शिक्क्यांची रांग दिसते. आणि झेंडूच्या फुलाचा ब्रश केला तर फूल रंगीत येतच नाही, करडा डाग पडतो. पहिली, दुसरी आणि चौथी तक्रार एकाच मुळाची आहे, तिसरी वेगळ्या. दोन्ही मुळे आधी वेगळी केली नाहीत तर माणूस तासभर स्लायडर हलवत बसतो आणि काहीच सुधारत नाही.

फोटोशॉपचा ब्रश म्हणजे एक शिक्का. तुम्ही रेषा ओढता तेव्हा प्रोग्रॅम ठराविक अंतराने तोच शिक्का पुन्हा पुन्हा उमटवत जातो. त्यामुळे दोष एकतर ठशात असतो, म्हणजे तुम्ही दिलेल्या चित्रात, किंवा चालीत, म्हणजे ठसे किती अंतराने, कोणत्या कोनात, किती दाबाने उमटतात त्यात. कुठे आहे हे कळायला एक क्लिक पुरतो. पांढरी नवी फाइल घ्या, पुढचा रंग शुद्ध काळा करा, ओपॅसिटी आणि फ्लो दोन्ही १०० टक्के ठेवा. एफ५ दाबून ब्रश सेटिंग्ज उघडा आणि डावीकडच्या सगळ्या खुणा काढून टाका. झूम १०० टक्के. आता माऊस न ओढता एकदाच क्लिक करा. हा एकटा ठसा फिका, धूसर किंवा चौकटीचा असेल तर ब्रश सेटिंग्जमध्ये काहीही करू नका, मूळ चित्राकडे परत जा. ठसा चोख असेल तर एका जागी क्लिक करून, शिफ्ट दाबून, दूर दुसरा क्लिक करा. सरळ रेषा ओढली जाईल. बिघाड आता दिसला तर तो चालीतला.

चौकट आणि फिका रंग

ठसा साठवताना फोटोशॉप रंग टाकून देते आणि फक्त काळे-पांढरेपण ठेवते. काळा भाग पूर्ण रंगवतो, पांढरा काहीच रंगवत नाही, मधल्या करड्या छटा त्या प्रमाणात अर्धवट रंगवतात. शुद्ध पांढरा म्हणजे २५५. स्कॅन केलेला कागद डोळ्यांना पांढरा वाटला तरी बहुतेक वेळा २४०-२५० च्या आसपास असतो. २४५ धरा: हा भाग जवळजवळ ४ टक्के रंग सोडतो. एका क्लिकमध्ये ४ टक्के कोणाला दिसत नाहीत. पण स्पेसिंग (म्हणजे दोन ठशांमधले अंतर, ब्रशच्या आकाराच्या टक्क्यांत) १० टक्के असेल तर एका जागेवर साधारण दहा ठसे एकावर एक पडतात, आणि ते ४ टक्के साठत साठत ३३ टक्क्यांच्या घरात जातात. तुमची चौकट ती हीच. म्हणूनच एका क्लिकला ठसा ठीक वाटतो आणि रेषा ओढली की चौकट दिसते. क्लिकच्या चाचणीला चकवा देणारा हा एकच दोष आहे, तेव्हा तो वेगळ्या रीतीने पकडायचा.

रीत अशी. स्कॅनवर थ्रेशोल्डचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका आणि आकडा २५५ करा. आता जे जे शुद्ध पांढरे नाही ते सगळे काळेकुट्ट दिसेल: कागदाचे दाणे, स्कॅनरच्या काचेवरची धूळ, फोनने फोटो काढला असेल तर कोपऱ्यातली सावली. त्याच्या खाली लेव्हल्सचा, म्हणजे गडद-फिक्या छटा हलवण्याचा, लेयर ठेवून पांढरा स्लायडर डावीकडे सरकवत राहा. फटकाऱ्याभोवतीची जागा स्वच्छ झाली की थांबा. साधारण २२०-२३० ला काम होते. राहिलेले सुटे ठिपके पांढऱ्या ब्रशने पुसा. मग थ्रेशोल्डचा लेयर काढून टाका. तो फक्त तपासायला होता. पुष्कळजण थ्रेशोल्डच कायम ठेवून ब्रश बनवतात आणि मग कडा करवतीसारख्या का येतात म्हणून विचारतात. कडेच्या दोन-तीन पिक्सेलांतली करडी उतरण राहायलाच हवी, तिच्यामुळेच रेषा गुळगुळीत दिसते.

आता फिका रंग. तोच हिशोब उलट्या बाजूने. स्कॅनमध्ये शाईचा सर्वांत गडद भाग ६० असेल तर ठसा ७६-७७ टक्क्यांच्या वर रंगवणारच नाही. लेव्हल्सचा काळा स्लायडर उजवीकडे आणून गडद भाग शून्याला टेकवा. सगळा फटकारा मात्र काळा करू नका. कोरड्या ब्रशची मजा त्या तुटक करड्या भागातच आहे.

शाई काळी नसेल तर अडचण वाढते. लाल रंग करडा केला की मध्यम छटेत जातो, पिवळा तर जवळपास पांढरा होतो. झेंडूचे फूल करडे आणि पुसट येते ते याचमुळे. लाल, केशरी, पिवळ्या मूळ चित्रासाठी चॅनेल्स पॅनल उघडा आणि लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल एकेक करून पाहा. निळ्या चॅनेलमध्ये केशरी आणि पिवळा रंग सर्वांत गडद दिसतो. तो चॅनेल कॉपी करून नव्या फाइलमध्ये पेस्ट करा आणि त्यावर लेव्हल्स चालवा. साध्या डीसॅच्युरेटपेक्षा, म्हणजे सरळ रंग काढून टाकण्यापेक्षा, हे कितीतरी चांगले.

स्कॅन करतानाच थोडी काळजी घेतली तर वरची निम्मी मेहनत वाचते. काळा पोस्टर कलर किंवा काळी शाई घ्या, खरबरीत ड्रॉइंग पेपरवर फटकारे मारा, पूर्ण वाळू द्या, आणि ग्रेस्केलमध्ये ६०० डीपीआयला स्कॅन करा. स्कॅनरचे शार्पनिंग बंद ठेवा. त्याने कडेला पांढरी किनार तयार होते आणि ठशात ती कायमची बसते. ६०० डीपीआयला १० सेंटिमीटरचा फटकारा सुमारे २३६० पिक्सेल होतो. बहुतेक कामांना हे पुरेसे आहे. फोटोशॉपच्या सीएस६ आवृत्तीपासून ठशाची कमाल मर्यादा ५००० पिक्सेल आहे, आधीच्या आवृत्त्यांत ती २५०० होती. सिलेक्शन याहून मोठे असेल तर निवडलेल्या चित्राचा ब्रश करणारी ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’ ही आज्ञा करडीच राहते. पुष्कळांना वाटते सॉफ्टवेअर बिघडले.

फटकारा फाइलच्या कडेला टेकू देऊ नका. चारही बाजूंनी वीस-तीस पिक्सेल पांढरी जागा ठेवा, नाहीतर ठशाची एक बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ येते आणि ब्रश वळवला की ती लगेच डोळ्यांत भरते. मग बाकीचे लेयर झाका, फटकाऱ्याभोवती चौकोनी सिलेक्शन करा आणि एडिट → डिफाइन ब्रश प्रीसेट.

आकाराबद्दल एक नियम पाळा. ठसा लहान करता येतो, मोठा करता येत नाही. ४०० पिक्सेलचा ठसा १६०० ला वापरला तर तो धूसर होणारच, ते कोणत्याच सेटिंगने सुटत नाही. ३०० डीपीआयच्या ए४ पानाची रुंदी २४८० पिक्सेल असते. १० फुटी फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तरी रुंदी ८६४० पिक्सेल होते, म्हणजे कमाल मोठा ब्रशसुद्धा त्याच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त. फ्लेक्ससाठी आडवा मोठा फटकारा हवा असेल तर ब्रशच्या नादी न लागता स्कॅन थेट लेयर म्हणून ठेवा. उलट बाजूने, २४०० चा ठसा ४० पिक्सेलवर आणला तर बारीक केस नाहीसे होऊन नुसता डाग उरतो. एकाच फटकाऱ्याचे दोन ठसे ठेवावेत: मोठा तपशीलवार, आणि लहान, जरा ठळक केलेला.

शिक्क्यांची रांग

तिसऱ्या तक्रारीत मूळ गैरसमज आहे, आणि तो फार पसरलेला आहे. अख्खा फटकारा, म्हणजे सुरुवात, मधला पट्टा आणि विरत जाणारी शेपटी, हा ब्रशचे टोक होऊ शकत नाही. तो ओढला की स्पेसिंग जास्त असेल तर शिक्के दिसणार आणि कमी असेल तर सगळे एकमेकांत मिसळून काळा पट्टा होणार. मधला कोणताही आकडा चालणार नाही. अख्ख्या फटकाऱ्याचा ठसा एकाच क्लिकसाठी वापरायचा: नवा लेयर, एक क्लिक, मग कंट्रोल-टी दाबून हवा तसा वळवायचा, ताणायचा. शीर्षकामागे रंगाचा पट्टा हवा असेल तर एवढेच पुरते. फटकारा वळणावळणाने वाकलेला हवा असेल तर ते काम इलस्ट्रेटरच्या आर्ट ब्रशचे आहे. तो चित्र रेषेच्या लांबीभर ताणून बसवतो. फोटोशॉपचा ब्रश तसे करत नाही.

हाताने ओढता येणारा कोरडा ब्रश हवा असेल तर ठसा म्हणून फटकारा नव्हे, केसांचा छेद द्या. खरा ब्रश कागदावर नुसता टेकवला तर जे ठिपके उमटतात ते. कागदावर तसे टेकवून स्कॅन करता येते. हाताने बनवायचे असेल तर ५०० × ५०० ची पांढरी फाइल घ्या, टणक गोल ब्रशने ३ ते २५ पिक्सेलचे तीस-चाळीस ठिपके काढा. ते उभ्या, अरुंद पट्ट्यात हवेत: उंची सुमारे ४५०, रुंदी ६०. काही ठिपके काळे, काही अर्धे करडे, मधे कुठे गर्दी, कुठे मोकळी जागा. सारखे अंतर पडले तर रेषा कंगव्याने ओढल्यासारखी दिसते. पट्टा उभाच का? कारण कोनाचा ताबा ‘डायरेक्शन’ला दिला की ब्रश उजवीकडे जाताना ठसा जसा काढला तसा उमटतो आणि पुढे हाताच्या दिशेने वळत जातो. पट्टा आडवा काढलात तर सगळे केस एकामागोमाग एकाच रेषेत येतील आणि रुंदीच मिळणार नाही.

सेटिंग्ज अशा लावा. ब्रश टिप शेपमध्ये स्पेसिंग १ ते ३ टक्के. मूळ आकडा २५ असतो आणि ठिपक्यांच्या ठशाला तो चालत नाही. ठिपके एकमेकांना जोडून केसांच्या रेषा दिसू लागेपर्यंतच कमी करा, त्याहून कमी केले तर फक्त संगणक मंदावतो. शेप डायनॅमिक्समध्ये साइजचा कंट्रोल पेन प्रेशर (टॅब्लेटच्या पेनचा दाब), मिनिमम डायमीटर २०-३० टक्के. अँगल जिटर शून्य आणि त्याचा कंट्रोल डायरेक्शन. ट्रान्स्फरमध्ये फ्लोचा कंट्रोल पेन प्रेशर. सीएस४ पर्यंत याच भागाचे नाव अदर डायनॅमिक्स होते, जुन्या लेखांत तेच सापडेल.

कोरडेपणा मात्र ठशातून येत नाही, टेक्सचरमधून येतो. टेक्सचरच्या भागात कागदाचा पॅटर्न निवडा, मोड सबट्रॅक्ट किंवा हाइट, स्केल ३० ते ६० टक्के, डेप्थ ५० पासून वर. मल्टिप्लायने मऊ, पावडरीसारखा परिणाम मिळतो. सबट्रॅक्टने करकरीत तुटक. ‘टेक्सचर ईच टिप’ला खूण केली तरच डेप्थचा कंट्रोल जागा होतो, आणि तिथे पेन प्रेशर दिले की हलक्या हाताला रेषा तुटते, दाबल्यावर भरते. स्वतःचा पॅटर्न द्यायचा असेल तर खरबरीत कागदावर खडू आडवा घासून तो स्कॅन करा. पण तो चारी बाजूंनी जुळणारा केला नाही तर मोठ्या फटकाऱ्यात फरशीसारखे सांधे दिसतात. फिल्टर → अदर → ऑफसेटने सांधे मधोमध आणा, क्लोन स्टॅम्पने मिटवा, मग डिफाइन पॅटर्न.

डायरेक्शनची एक खोड आहे. रेषेच्या अगदी पहिल्या ठशाला दिशा माहीत नसते, त्यामुळे सुरुवातीला कधीकधी आडवा-तिडवा गोळा उमटतो. मिनिमम डायमीटर २०-३० वरून शून्याच्या जवळ आणला की पेन टेकवताना तो ठसा इतका बारीक पडतो की जाणवत नाही. माऊसवर काम असेल तर हा मार्ग बंद, मग सुरुवात चित्राबाहेरून करावी.

माऊसवाल्यांसाठी ‘फेड’ हा कंट्रोल आहे आणि त्याचा आकडा नेमका कशाचा हे फारसे कोणी सांगत नाही. तो पिक्सेलचा नाही, ठशांचा आहे. ब्रश १०० पिक्सेलचा, स्पेसिंग ५ टक्के, तर दर ५ पिक्सेलला एक ठसा. फेड ६० दिला तर रेषा ३०० पिक्सेलवर विरते. स्पेसिंग बदलले की ही लांबी बदलते. आधी स्पेसिंग पक्के करा, मग फेड.

बोरूसारखी जाड-बारीक अक्षरे काढायची असतील तर वरचे बरेचसे उलटे करायचे. डायरेक्शन अजिबात द्यायचे नाही. कोनाचा कंट्रोल ऑफ, गोल ब्रशचा राउंडनेस १०-१५ टक्के, स्पेसिंग १-२ टक्के, अँगल ४५ किंवा उणे ४५. बोरूचा कट हातात वळत नाही, कोन स्थिर राहतो, म्हणूनच रेषेची दिशा बदलली की तिची जाडी बदलते. डायरेक्शन दिलेत तर अक्षर सगळीकडे सारख्याच जाडीचे येईल आणि स्केचपेनने लिहिल्यासारखे दिसेल. चिन्ह कोणते ठेवायचे हे ‘क’ लिहून पाहा. बोरूने लिहिलेल्या अक्षराशी ताडा. जाडी उलट्या जागी पडली तर अधिकचे उणे करा. स्मूदिंग २०-३० टक्के ठेवले तर थरथर जाते. ५० च्या वर गेले की रेषा हाताच्या मागे रेंगाळते आणि लयच राहत नाही.

दाब चालतच नसेल, पेन प्रेशरच्या शेजारी उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसत असेल, तर ब्रशला दोष देऊ नका. फोटोशॉपला टॅब्लेट दिसतच नाही असा त्याचा अर्थ. टॅब्लेटचा ड्रायव्हर नव्याने टाका, विंडोजवर ड्रायव्हरच्या सेटिंगमधली विंडोज इंकची खूण बदलून पाहा, आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा.

फ्लो आणि ओपॅसिटी

हे दोन्ही एकच समजून वापरले जातात म्हणून थोडे. ओपॅसिटी ही एका रेषेची कमाल मर्यादा: पेन न उचलता कितीही घासले तरी त्यापलीकडे रंग जात नाही. फ्लो हा प्रत्येक ठशाचा. फ्लो १० असेल तर एकाच जागी घासत राहिल्यावर रंग साठत जातो. कोरड्या ब्रशला आणि अक्षरांना फ्लो १०० ठेवा. ढग, धूर, सावली यांना १० ते २०. आणि एखादा खरबरीत ब्रश चांगला जमला असेल तर तो रंग भरण्यापेक्षा लेयर मास्कवर वापरून पाहा. फोटोच्या कडा खरबरीत विरवणे, जुन्या छपाईसारखी अक्षरे झिजवणे, ही कामे मास्कवर कितीतरी बरी होतात, आणि पसंत पडली नाहीत तर मास्क पुसला की मूळ चित्र शाबूत.

रंगीत झेंडू

फोटोशॉपच्या साध्या ब्रशमध्ये रंगीत चित्र बसत नाही. मिक्सर ब्रश थोडी मदत करतो: ‘लोड सॉलिड कलर्स ओन्ली’ची खूण काढून, ऑल्ट दाबून फुलावर क्लिक केले की तिथले अनेक रंग टोकात भरले जातात. पण एकाच फुलाची पुनरावृत्ती लगेच कळते. झेंडूच्या तोरणासाठी गिंप हा चित्रे बनवण्याचा प्रोग्रॅम घ्या. तो फुकट आहे आणि या एका बाबतीत फोटोशॉपच्या पुढे आहे. गिंपमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीचे रंगीत चित्र जीबीआर (गिंपची ब्रशफाइल) म्हणून साठवले तर ते मूळ रंगातच उमटते. पुढचा रंग वापरणारा ब्रश हवा असेल तर मात्र इमेज → मोड → ग्रेस्केल करून, अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा, चॅनेल काढून साठवायचे. गिंपमधला नेहमीचा गोंधळ इथेच होतो: अल्फा राहून गेला की ब्रश रंग बदलायला तयार होत नाही.

तोरणासाठी जीबीआर नव्हे, जीआयएच हवा. त्यात अनेक चित्रे असतात आणि दर ठशाला वेगळे येते.

१. पाच-सहा वेगवेगळी फुले कापून घ्या, लिंबाएवढी भगवी, काही पिवळी, एखादे अर्धवट उमललेले. २०० × २०० ची पारदर्शक फाइल, प्रत्येक फूल वेगळ्या लेयरवर, बरोबर मध्यभागी.

२. प्रत्येक लेयरवर लेयर → लेयर टू इमेज साइज द्या. हे राहिले तर फुले खाली-वर उड्या मारतात किंवा कापली जातात.

३. फाइल → एक्सपोर्ट अ‍ॅज, नावाला जीआयएच हे एक्स्टेन्शन. जागा तुमच्या ब्रशेसच्या फोल्डरमध्ये. ते नेमके कुठे आहे हे एडिट → प्रेफरन्सेस → फोल्डर्स → ब्रशेसमध्ये दिसते.

४. खिडकीत डिस्क्रिप्शनला ओळखता येईल असे नाव द्या, ब्रशच्या यादीत फाइलचे नाव नव्हे, हेच दिसते. सेल साइज २०० × २००, नंबर ऑफ सेल्स ६, डायमेन्शन १, रँकच्या पहिल्या रकान्यात ६, त्याच्यापुढे रँडम. रँकमध्ये १ राहिले तर सहाही फुले देऊन एकच फूल उमटत राहील.

५. ब्रशेसच्या पॅनलमधले रिफ्रेशचे बटण दाबा.

आता हाताने ओढू नका. पाथ टूलने तोरणाची लोंबती कमान काढा, त्याच टूलच्या पर्यायांतले स्ट्रोक पाथ दाबा, ‘स्ट्रोक विथ अ पेंट टूल’ निवडून पेंटब्रश घ्या. ब्रशचा आकार आणि स्पेसिंग त्याआधी पेंटब्रशच्या पर्यायांत लावून ठेवलेले असावे. १०० टक्के स्पेसिंगला फुले नुसती टेकतात, ७० ते ८० ला खऱ्या माळेसारखी एकमेकांवर चढतात. ३०० डीपीआयच्या ए५ पत्रिकेची रुंदी १७४८ पिक्सेल. फूल १२०, स्पेसिंग ७५ टक्के, म्हणजे दर ९० पिक्सेलला एक फूल. सरळ माळेत एकोणीस-वीस फुले, कमानीत तिच्या खोलीप्रमाणे एक-दोन जास्त. शेवटचे फूल टोकाला नीट येत नसेल तर स्पेसिंग एक-दोन टक्क्यांनी हलवा.

मधे आंब्याची पाने हवी असतील तर रँडमऐवजी इन्क्रिमेंटल निवडा. मग लेयर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने उमटतात: तीन फुले, एक पान, पुन्हा तीन फुले. ठशाचा मध्यबिंदू नेहमी पाथवर बसतो, म्हणून पान लेयरच्या मध्यभागी ठेवले तर अर्धे दोऱ्याच्या वर डोकावते. सर्व लेयर २०० × ४०० करा, फुले मध्यभागीच राहू द्या आणि पान खालच्या अर्ध्यात, देठ मध्यबिंदूला टेकवून. आकाराचा आकडा लांब बाजूचा असतो, म्हणजे १२० चे फूल हवे तर आता साइज २४० लागेल. स्पेसिंग पुन्हा डोळ्यांनी जुळवून घ्या. डायनॅमिक्स ऑफ ठेवा, नाहीतर पाने कमानीबरोबर वळतील. पाने सरळ खालीच लोंबायला हवीत. सावली शेवटी, पूर्ण तोरणाच्या लेयरला. ठशातच सावली घातली तर ती शेजारच्या फुलावर काळी पुटे चढवते.

गिंपमध्ये डायनॅमिक्स बदलायला गेलात आणि सगळे करडे दिसले तर घाबरू नका. सोबत आलेले संच कुलूपबंद असतात. हव्या त्या संचाची नक्कल करा, ती बदलता येते. टॅब्लेटचा दाब चालत नसेल तर २.१० मध्ये एडिट → इनपुट डिव्हायसेसमध्ये पेनचा मोड डिसेबल्डवरून स्क्रीनवर आणा.

साठवणे आणि दुसऱ्याला देणे

फोटोशॉपमध्ये ब्रशची सेटिंग्ज लावून झाली आणि दुसरा ब्रश निवडला की आधीचे बदल गेले. डिफाइन ब्रशने फक्त ठसा साठतो. सर्व सेटिंग्ज लावल्यावर ब्रश सेटिंग्जच्या मेनूतून ‘न्यू ब्रश प्रीसेट’ करावेच लागते. तिथे तीन खुणा असतात. आकार साठवण्याची ठेवा. रंग साठवण्याची काढा, नाहीतर ब्रश निवडताच चालू रंग बदलतो आणि ते फार वैताग देते. टूल सेटिंग्जची खूण ठेवली तर फ्लो, ओपॅसिटी, स्मूदिंगही सोबत राहतात. पण तोच ठसा इरेजर, क्लोन स्टॅम्प अशा इतर टूलांनाही वापरायचा असेल तर त्या खुणेविना एक प्रत वेगळी करा.

प्रीसेट कायमचे साठतात ते फोटोशॉप नीट बंद केल्यावर. मधेच क्रॅश झाले तर त्या बैठकीत बनवलेले ब्रश जाऊ शकतात, आणि प्रेफरन्सेस रीसेट केल्या तर जुनेही. म्हणून ब्रश जमला की लगेच तो निवडून, पॅनलच्या मेनूतून ‘एक्सपोर्ट सिलेक्टेड ब्रशेस’ने एबीआर, म्हणजे फोटोशॉपची ब्रशफाइल, करा. मूळ स्वच्छ केलेला स्कॅनही पीएसडी म्हणून शेजारी ठेवा. ठसा कधी मोठा लागला तर नव्याने बनवता येईल.

एबीआर गिंपच्या ब्रशेस फोल्डरमध्ये टाकली तर ठसा येतो, डायनॅमिक्स, टेक्सचर, ड्युअल ब्रश येत नाही. ते तिथे नव्याने लावावे लागते. नव्या फोटोशॉपची एखादी एबीआर गिंपने उघडली नाही तर फोटोशॉपमध्ये पांढऱ्या फाइलवर काळ्या रंगात एक क्लिक करा, पीएनजी करा, आणि गिंपमध्ये ग्रेस्केल करून जीबीआर साठवा. आयपॅडवरचा प्रोक्रिएट एबीआर थेट घेतो, पण त्यात स्वतःचा शेप देताना हिशोब उलटा असतो: पांढरा रंगवतो, काळा नाही. काळा फटकारा तसाच टाकला तर फटकाऱ्याऐवजी त्याच्याभोवतीचा चौकोन रंगतो. शेप एडिटरमध्ये तो इन्व्हर्ट करून घ्या.

पुढेमागे कधी ब्रशची गोल खूण जाऊन नुसते अधिकचे चिन्ह दिसू लागले, तर ते कॅप्स लॉक आहे.